शेवटच्या पायरीवरचा

सकाळी बसमध्ये एका गरोदर बाईने उठून मला जागा दिली. चांगली आठव्या महिन्यातली असावी. एका हाताने दांडा धरून आणि दुसऱ्याने पोट सावरत म्हणाली, "बसा ना काका, तुम्हाला उभं राहवत नाहीये." मला चांगलं उभं राहवत होतं. सत्तावन्न म्हणजे काय असं वय झालं? निवृत्तीला अजून चौदा महिने आहेत, दात सगळे स्वतःचे आहेत आणि उजवा हात, ज्याच्यावर माझं पोट चालतं, तो अजून तसूभर हलत नाही. पण नाही म्हणावं तर सगळी बस बघत होती. मी मुकाट्याने बसलो. पुढचे सहा थांबे तिचं पोट माझ्या नाकासमोर हेलकावत होतं आणि मी खिडकीबाहेर बघत होतो. उतरताना आभार मानले नाहीत. कुणाला कुठल्या पायरीवर उभं करायचं हे असं एका क्षणात ठरतं, आणि ज्याला उभं केलं त्याला कुणी विचारत नाही. पायरी हाच शब्द सुचला, कारण गेले पाच महिने मी दुसरं काही बघतच नाहीये.

संग्रहालयाच्या यादीत त्या चित्राचं नाव 'मनुष्याची वाट' असं भारदस्त आहे. पहारेकरी त्याला घसरगुंडी म्हणतात, आणि खरं सांगायचं तर त्यांचंच बरोबर आहे. अकरा फूट लांब. डावीकडून उजवीकडे उतरत जाणाऱ्या सात हिरवट पायऱ्या, खाली काळं पाणी, वर चंद्र, आणि त्या चंद्राचं पाण्यात प्रतिबिंब नाही. पहिल्या पायरीवर पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं तान्हं मूल. तेच कापड पुढे धावत्या पोराच्या मुठीत, मग एका मुलीच्या डोक्यावर, जोडप्याच्या कमरेभोवती, बाळंतिणीच्या मांडीवर, पाठमोऱ्या विधुराच्या खांद्यावर, आणि शेवटच्या पायरीवर पाय पाण्यात सोडून बसलेल्या म्हाताऱ्याच्या गळ्याभोवती. दुपट्यापासून कफनापर्यंत एकच कापड. सव्वाशे वर्षांपूर्वी ते रंगवणाऱ्याला हे फार खोल वाटलं असणार. मला अर्थाशी घेणंदेणं नाही, माझं काम घाण काढायचं. काडीला कापूस गुंडाळायचा, औषधात बुडवायचा (रंग सुटायच्या द्रावणाला आम्ही कार्यशाळेत औषधच म्हणतो) आणि बोटाच्या पेराएवढ्या जागेवर अलगद फिरवायचा. कापूस पिवळा झाला की डब्यात टाकायचा, दुसरी काडी घ्यायची. डब्याला घट्ट झाकण, कारण औषधाचा कापूस पटकन पेट घेतो. रोज पाचाला झाडूवाली बाई येते, डबा नेते आणि मागच्या आवारात पाण्याच्या पिंपात रिकामा करते. पाच महिन्यांत तिने एकदाही चित्राकडे मान वर करून बघितलेलं मला तरी दिसलं नाही. माझी बायको म्हणते, तुम्ही तरी कुठे बघता, तुम्हाला चित्र दिसतच नाही, चित्रावरची घाण तेवढी दिसते. हे ती मला वाढताना म्हणते, त्यामुळे तोंडात घास असतो आणि उत्तर देता येत नाही.

म्हाताऱ्याच्या चेहऱ्याची भानगड मला दिव्याने दाखवली. पडदे ओढून जांभळा दिवा लावला की जुना रंग दुधासारखा चमकतो, आणि मागाहून कुणी लावलेला रंग काळा डाग होऊन उभा राहतो. पाणी चमकलं, पायऱ्या चमकल्या, कापड चमकलं, आणि म्हाताऱ्याचं अख्खं डोकं मात्र काळं ठिक्कर पडलं. म्हणजे तो चेहरा मूळ चित्रकाराचा नव्हताच. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी छत गळून या कोपऱ्यावर पाणी उतरलं होतं आणि ते मास्तरांनी दुरुस्त केलं होतं. त्या सालच्या रजिस्टरात त्यांच्या घोटीव अक्षरात एकच ओळ आहे: उजवा कोपरा, खालचा भाग, दुरुस्त. किती, कसा, कशावरून, काही नाही. त्या अंधाऱ्या खोलीत मला जो आनंद झाला तो माझ्या लग्नातसुद्धा झाला नव्हता. मास्तर म्हणजे माझे गुरू. या खोलीत त्यांनी बत्तीस वर्षं राज्य केलं. जे आहे ते राखायचं, जे गेलं ते मोकळं सोडायचं, आपल्या मनाचा एक केससुद्धा घालायचा नाही, हे त्यांनी आम्हाला इतक्या वेळा ऐकवलं की झोपेतही पाठ म्हणू शकेन. आणि याच माणसाने, मी बावीस वर्षांचा असताना, माझ्या पहिल्या कामावर भिंग धरून चारचौघांत सांगितलं, "तुझा हात सुताराचा आहे." सगळे हसले. हसण्यासारखं होतंच, कारण माझा बाप याच संग्रहालयात सुतार होता, चित्रांच्या चौकटी ठोकायचा, आणि तेव्हा त्याला जाऊन पाच वर्षं झाली होती. त्या एका वाक्यावर मी पस्तीस वर्षं जगलोय. चांगलं काम झालं की ते वाक्य आठवायचं, वाईट झालं की जास्तच.

माझा तर्क असा होता. पाणी उतरलं तर ते ओघळ धरून उतरेल, बरोबर डोक्याच्या आकारात कसं उतरेल? चेहऱ्याचा एखादा तुकडा उडाला असेल आणि मास्तरांनी आळसाने किंवा माजाने सगळाच चेहरा झाकून आपला ठोकून दिला असेल. खाली सव्वाशे वर्षांचा खरा चेहरा गाडलेला आहे. खात्रीसाठी दाढीच्या कडेला गव्हाएवढी जागा पुसून बघितली, तर खाली जुना, चमकणारा रंग निघाला. झालं. संचालकबाई म्हणाल्या, क्ष-किरणांचा फोटो काढून घेऊ, दीड महिना लागेल, तोवर चेहऱ्याला हात लावू नका. दीड महिना मी थांबलो असतो तर मी मी कसला. अहवाल लिहायला घेतला, आणि भिंगाखाली त्या चेहऱ्याचा एकेक दोष टिपला. डावा कान वरच्या कडेला दुमडलेला, शरीररचनेशी विसंगत. डावी पापणी अर्धवट मिटलेली, उजवा डोळा सताड उघडा, नजरेची दिशा जुळत नाही. ओठ आत ओढलेले, तोंडात काहीतरी धरल्यासारखे, हास्यास्पद. निष्कर्ष: हौशी हाताचं काम, मूळ चित्राशी संबंध नाही, काढून टाकावं, आणि खाली जे निघेल त्यात कोणतीही भर घालू नये. खाली सही ठोकली आणि काल संध्याकाळी बाईंच्या टेबलावर ठेवला. त्या तीन दिवस बाहेरगावी होत्या, म्हणून आजचा दिवस धरला. आणि मास्तरांना फोन केला. पंचाऐंशी वर्षांचा माणूस, एकटा राहतो, कुणी बोलावत नाही. म्हटलं, मास्तर, तुमचं जुनं काम निघालंय, बघायला या. येतो म्हणाले. इतक्या पटकन म्हणाले की मला बरं वाटलं. म्हाताऱ्या माणसाला त्याच्याच हातचं पाप दाखवायला बोलावण्यात जी मजा असते ती ज्याला कळते त्यालाच कळते.

ते दुपारी दोनला आले. मागच्या फाटकातून, सामानाच्या लिफ्टने त्यांना वर आणलं. अंगात कोट, तोही आता त्यांच्यापेक्षा मोठा झालेला. चित्रासमोर बराच वेळ उभे राहिले. "बरंच उजळलं," म्हणाले. मला वाटलं आणखी काही म्हणतील, पण त्यांनी स्टूल ओढलं आणि काठी मांडीवर आडवी घेऊन बसले. मी पडदे ओढून जांभळा दिवा लावला. "हे तुमचं," मी म्हटलं. "हो, माझं." "रजिस्टरात नाही." "नाही." "काढतोय मी ते." यावर त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. त्या उजेडात त्यांचे दात तेवढे दिसत होते. "काढ," ते म्हणाले, "तुझंच आहे ते." मला वाटलं, कार्यशाळा तुझी, अधिकार तुझा, असं म्हणतायत. हरला, असं वाटलं. पडदे उघडले आणि पहिली काडी बुडवली.

केस पहिल्यांदा गेले. मास्तरांचा रंग पटकन सुटत होता, लोण्यासारखा, आणि त्याचाही मला राग आला, कारण झटापट तरी व्हायला हवी होती. केसांखाली पांढरं निघालं. खडू आणि सरस, खड्डा बुजवायची लांबी. ठीक आहे, म्हटलं, डोक्याचा तुकडा गेला असेल. कपाळाकडे सरकलो. काम करताना माझं मन भलतीकडेच जातं, बहुतेक बापाकडे जातं, कारण त्या वासात तो आहे. औषध, सरस, लाकडाचा भुसा. मी तेरा-चौदा वर्षांचा होतो. एका सुट्टीच्या दिवशी बापाने मला इथे आणलं होतं, दालनात, याच चित्रासमोर. धुतलेला सदरा घालून आला होता. बाप बोलायचा कमी, कारण तोंडात कायम खिळे धरलेले, आणि नसले तरी असल्यासारखाच बोलायचा. "कसं आहे?" म्हणाला. बरं आहे, म्हटलं. "तो शेवटचा बघ. नीट बघ." मी बघितलं. "म्हातारा आहे," म्हटलं. तो हसला. आता काहीतरी सांगणार होता, मला ते दिसत होतं, आणि तेवढ्यात माझ्या वर्गातला एक मुलगा आईवडिलांबरोबर दालनात शिरला. डॉक्टरांचा मुलगा. मी दोन पावलं बाजूला झालो. त्याने बापाकडे बोट करून विचारलं, हे कोण? मी म्हटलं, "सुतार आहे इथला." खोटं काहीच नव्हतं त्यात. बापाने ऐकलं. त्या डॉक्टरांकडे बघून मान हलवली आणि म्हणाला, "हो, मी इथला सुतार." मग कोपऱ्यातली एक चौकट उगाच हलवून बघितली, घट्ट आहे का ते. त्यानंतर त्याने मला कधी काही दाखवायला नेलं नाही, आणि चार वर्षांनी, चौपन्नाव्या वर्षी, शिडीवरून पडून गेला. मी आता त्याच्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा आहे. हे मला मधूनमधून आठवतं आणि दर वेळी काहीतरी हिशोब चुकल्यासारखं वाटतं.

कपाळाखाली पांढरं होतं. भुवयांखाली पांढरं. हात ठाम होता. "काडी फिरव," मागून मास्तर म्हणाले, "घासू नकोस." पस्तीस वर्षांनीही तेच. मी मुद्दाम थोडं घासलं. अर्धवट मिटलेली पापणी एका काडीत गेली, सताड डोळ्याला तीन लागल्या. नाक. गाल. ते आत ओढलेले ओठ पुसताना मला हसू आलं होतं, हे मी लपवणार नाही. दाढीपाशी माझी ती गव्हाएवढी खिडकी आली, आणि तिथे कळलं की तिच्यातून दिसणारा जुना रंग म्हणजे चेहरा नव्हताच, शेजारच्या पाण्याची कड होती. शिकाऊ पोरानेही केली नसती अशी चूक. डबा वरपर्यंत भरत आला होता. चेहऱ्याच्या जागी सपाट पांढरी थाळी झाली होती आणि तिच्या कडेला एकटा डावा कान. "कान राहू दे," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "कान राहू दे ना रे." त्यांनी माझ्याकडे असं काही मागितलेलं मी जन्मात ऐकलं नव्हतं, आणि म्हणूनच मी नवी काडी घेतली, नीट बुडवली आणि कान पुसला. दोन मिनिटांचं काम.

मग मी वळलो. "मूळ चेहरा कुठेय, मास्तर?"

"गेला. पाण्यात गेला. सकाळी कुलूप काढलं तर फरशीवर रंगाचे पापुद्रे पडले होते, ओंजळभर. जुळवायला बसलो होतो, पण हात लावला की पीठ होत होतं."

"मग जागा मोकळी सोडायची. तुम्हीच शिकवलंत."

"विश्वस्त म्हणाले, बिनतोंडाचा म्हातारा बघायला कोण येणार. मी मान डोलावली. नोकरी होती. मग तोंड आणायचं कुठून? मिस्त्री तिथे चौकट ठोकत होता, तुझा बाप. त्याला म्हटलं, ये, बस. अकरा दुपारी बसला त्या खिडकीपाशी. पन्नाशीचा होता. मी त्याच्यावर तीस वर्षं चढवली. लाजत होता. म्हणायचा, साहेब, म्हातारपणी इतका चांगला दिसणार का मी?" मास्तर काठीची मूठ अंगठ्याने चोळत राहिले. "कान तेवढा मी नव्हता वाढवला. तो तसाच होता. जन्मभर पेन्सिल अडकवून दुमडलेला."

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "तुम्ही थांबवलं का नाही मला?"

"मला वाटलं, तुला ठाऊक आहे," ते म्हणाले. "बापाने सांगितलं असेल. मला वाटलं, याला बाप माझ्या हातचा नकोय, काढून घेतोय. म्हटलं घे, तुझा आहे. कान पुसलास तेव्हा कळलं, याला काही ठाऊकच नाही. पाच महिने भिंगातून बघतोस, पाच महिने, आणि बाप ओळखला नाहीस." हे ते चिडून म्हणाले असते तर बरं झालं असतं. ते नवलाने म्हणत होते. "माणसाचं म्हातारपण कुणी काढून ठेवतं का? त्याचं मी ठेवलं होतं. त्याला मिळालं नाही, इथे तरी होतं."

एवढं ऐकूनही माझ्या मनात काय आलं असेल? ते वाक्य आलं. मला वाटलं, आज तरी हा माणूस ते परत घेईल. चांगल्या अर्थाने म्हटलं होतं, असं काहीतरी म्हणेल. मी विचारलं. लाज सोडून विचारलं, "तुम्ही मला म्हणाला होता, हात सुताराचा आहे. ते बाबांवरून म्हणाला होता का?" मास्तरांनी जरा आठवून बघितलं. "नाही रे," म्हणाले, "ते वाईटच म्हणालो होतो. मिस्त्रीचा हात आला असता तुला, तर काय हवं होतं."

फाइलमध्ये फोटो होता. साफसफाईच्या आधीचा, नियमाप्रमाणे काढलेला, वहीच्या पानाएवढा. मी तो उजेडात धरला. कान ओळखू आला. ती अर्धी पापणी ओळखू आली, फळी डोळ्यासमोर धरून सरळ आहे का बघताना तो डावा डोळा असाच बारीक करायचा. ओठ ओळखू आले, त्या ओठांत खिळे होते. सगळे भाग माझ्या अहवालात होते, माझ्या अक्षरात, दोष म्हणून, सहीसकट. पण सगळे मिळून बाप होत नव्हता. मी फोटो लांब धरला, जवळ धरला, चष्मा काढून धरला. तो एक म्हातारा होता, पाण्यात पाय सोडून बसलेला, बऱ्यापैकी सुखी. मला रडू यायला हवं होतं आणि मी वाट बघत होतो, पण कागदावरचा म्हातारा परका होता आणि परक्यासाठी कसं रडणार? बापाचा दुसरा फोटो आमच्याकडे एकच आहे, त्याच्या कामाच्या ओळखपत्रावरचा, आणि त्यावर निम्म्या तोंडावर कचेरीचा शिक्का आहे. रंगवता येईल का पुन्हा, असंही डोक्यात येऊन गेलं. फोटोवरून, महिनाभरात. पण कोणतीही भर घालू नये असं मीच लिहून दिलं होतं, आणि बाई परवा येऊन तेच वाचणार होत्या. शिवाय हात. मी उजवा हात समोर धरून बघितला. तो अजूनही हलत नव्हता, हरामखोर.

मास्तर काठीवर भार देऊन उठत होते. मी त्यांना धरायला गेलो तर त्यांनी कोपर काढून घेतलं. तेवढ्यात दार ढकलून झाडूवाली बाई आत आली. पाच वाजले होते. तिने नेहमीसारखा डबा उचलला, वजन बघितलं आणि म्हणाली, "आज भरलाय चांगला." मग तिने मान वर केली आणि चित्राकडे बघितलं. असं बघितलं की जणू रोज बघत असावी, मीच कधी बघितलं नसावं. पहिल्या पायरीपासून सुरुवात करून शेवटच्या पायरीपर्यंत आली आणि तिथे थांबली.

"म्हाताऱ्याचं तोंड पुसलंत होय साहेब?" ती म्हणाली. "बरा होता की. कोण होता तो?"

मास्तर दारापर्यंत पोचले होते. वळले नाहीत, पण त्यांची काठी थांबली. अजून वेळ होता. डबा तिच्या हातात होता, झाकण अर्धवट लागलेलं, आत तपकिरी, करडा, गुलाबी कापूस, शंभरएक काड्या. एक शब्द बोलायचा होता. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी दालनात, डॉक्टरांच्या मुलासमोरसुद्धा एकच होता.

"कुणी नव्हता," मी म्हटलं. "घाण होती. न्या."

"बरं," ती म्हणाली. तिने झाकण दाबून बसवलं, डबा कमरेवर घेतला आणि मास्तरांना बाजूने जाऊ देत मागच्या जिन्याने पिंपाकडे गेली.